अतिरंजित नव्हे, उलट सौम्यच

चित्रपटासाठी पैसे शोधत हिंडणाऱ्या दिग्दर्शकांवरील एका उपहासात्मक विनोदी चित्रपटाचे समीक्षण वाचले. चित्रपटात पैसे देणारा शेठ कथा ऐकण्याआधीच भाच्यासाठी भूमिका मागतो, तो प्रसंग समीक्षणाच्या लेखकाला अतिरंजित वाटला, हे पटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका व्यापाऱ्यांपुढे आम्ही पैशांसाठी आमच्या चित्रपटाच्या पटकथेची फाइल ठेवली, तेव्हा त्यांनी ती न उघडताच तिच्यावर चहाची बशी टेकवली आणि ‘अनुदान कधी हातात येतं?’ एवढेच विचारले. शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावरच मिळते, हे कळताच बैठक आटोपली.

दादासाहेब फाळके यांनाही १९१२ मध्ये रोपाची वाढ चित्रित करून दाखवावी लागली, तेव्हा कुठे कर्ज मिळाले. आमच्याकडे दाखवायला रोपही नव्हते.