मीटर चढतोय, निघा गोव्याला!

नाशिककराने पैशासाठी बाहेरगावी जावं ही खरं तर लाजिरवाणी गोष्ट. नोटा छापणारा कारखाना 1928 पासून आपल्या नाशिकरोडला आहे. पण तिथे आत सोडत नाहीत, बटण दाबू देणं तर लांबच. तेव्हा द्राक्षांचे पैसे हातात पडले की व्यापारी, सोसायटी, औषधवाला यांना विसरा आणि रात्रीची गोव्याची स्लीपर पकडा, तिथल्या कॅसिनोत स्लॉट मशीन खेळायला: पैसे टाका, बटण दाबा, चित्रांची चक्रं फिरतात आणि जुळली तर बक्षीस. महाराष्ट्राच्या भरवशावर राहू नका. इथे कॅसिनोचा कायदा 1976 मध्ये झाला, कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्दसुद्धा झाला.

मशीन निवडताना प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटचंच निवडा. वर मोठ्या बक्षिसाचा आकडा सतत चढत असतो, तेच. तो चढतो तुमच्याच पैशांनी, कारण प्रत्येक डावातला थोडा हिस्सा त्यात जातो. भिशीच समजा ना. हप्ता सगळ्यांनी भरायचा, उचल एकाने करायची आणि चालवणाऱ्याने आपलं आधी काढून घ्यायचं. फक्त घरच्या भिशीत कधीतरी आपला नंबर लागतो.

घरी पटवायला अमेरिकेचं उदाहरण द्या. नेवाडात मेगाबक्स 1986 पासून चालू आहे. ठिकठिकाणच्या कॅसिनोंतली मशिनं, सगळ्यांचा मीटर एक. 2003 मध्ये लास व्हेगासला त्यावर 3 कोटी 97 लाख डॉलर लागले. इथेच थांबा. शक्यता साधारण 5 कोटींत 1 आहे, हे कोणी विचारलं तरच सांगायचं. दर सहा सेकंदांना एक डाव, रोज आठ तास, दिवाळीलाही सुट्टी नाही, असं बसलात तर 5 कोटी डाव व्हायला अठ्ठावीस वर्षं लागतील. जॅकपॉटवर हक्क हवा तर दर डावाला 3 डॉलर, म्हणजे 15 कोटी डॉलरची उलाढाल. मधूनमधून चिल्लर परत मिळते, ती आपण परत आत टाकतोच. एवढं करूनही तिघांतला एक जण जॅकपॉटविनाच उठणार. तो तुम्हीच असाल असं थोडंच आहे?

सोबत एक जाणकार न्या. कॉलेज रोडला मिसळीच्या प्रत्येक टेबलावर असतो एक. ‘भाऊ, सकाळपासून काही दिलं नाही यानं, आता देणारच, उठू नको,’ हे तो अशा खात्रीने सांगतो की आपल्यालाच लाज वाटावी. मशीनला सकाळ आठवत नाही. बटण दाबलं त्या क्षणी आतल्या संगणकातून जो आकडा निघाला तो निकाल, पुढची चक्रांची फिरवाफिरवी नुसती करमणूक. पण जाणकाराला दुखवू नका, जेवणाचं बिल तुम्हीच भरणार आहात.

आणि मोठ्या बक्षिसाचे ते तीन सात! दोन जुळतात, तिसरं रेषेच्या बोटभर वर थांबतं. चक्रावर दिसतात वीस-बावीस जागा, आत आकडे मात्र कितीतरी जास्त. साताच्या वाट्याला एखादाच, शेजारच्या कोऱ्या जागेला भरपूर. ही युक्ती 1984 सालीच अमेरिकेत पेटंट झाली. तुम्ही मात्र ‘अरे, थोडक्यात हुकलं’ म्हणत पुढची नोट काढा.

लागलंच बक्षीस, तर त्यावर 30 टक्के कर आहे, वर सेस. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. म्हणजे हरल्याच्या पावत्या जपायची कटकट नाही, सीएकडे मोकळ्या हातांनी जा.