पिशवीत सुरी, तरी दोरी कापायची नाही!

पावसाळ्यात फोंड्याला संध्याकाळी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून लपलेल्या वस्तू शोधायचा गेम उघडावा, तर डोक्याला ताप! पिशवीत धारदार सुरी आहे, पण दोरी तिने कापायची नाही म्हणे. त्यासाठी तळघरातला काचेचा तुकडाच हवा. तोही एकदा वापरला की गायब. २००५ च्या 'मिस्टरी केस फाइल्स: हंट्सविल' या अशाच गेममध्ये घड्याळ पाठीशी लागायचं खरं, पण काम सरळ होतं: यादी बघा, वस्तू शोधा. आता काळोख्या कपाटात काळा कावळा! वैतागून चार ठिकाणी क्लिक केलं तर शिक्षा, हिंट मागावी तर बटण अजून भरतंय. त्यात वीज गेली की सेव्ह झालेलं नसतंच.