शंभर वर्षांतून एकदा, म्हणे!

कोल्हापुरात पंचगंगेकाठची जागा विकणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य: "अहो, नकाशावरची लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. 2019ला येऊन गेला, आता निवांत!" तेव्हा नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर होतं, धोक्याची पातळी 43. पुढचा महापूर कधी आला? 2021ला. झाली शंभर वर्षं!

नदी हिशेबाची वही ठेवत नाही हो. लाल रेषा म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची, दरवर्षी 4 टक्के. 4 टक्के किरकोळ वाटतात ना? निळ्या रेषेवर घर घ्या, 20 वर्षांचं कर्ज काढा. हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात यायची शक्यता 56 टक्के होते. छापा-काटा बरा.

त्यावर या विकणाऱ्यांचा तोडगा काय, तर भराव. एका एकरावर 3 मीटर मुरूम ओतला की साधारण 1.2 कोटी लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी आटत नाही, शेजारच्या उसात नाहीतर जुन्या वस्तीत शिरतं. कुणी बोललं की लगेच, "गप्प बसा, भाव पडतील."

जोत्याची उंची विचारा, उत्तर येतं, "रस्त्यापासून 5 फूट." समुद्रसपाटीपासून किती, आणि 2019ची पूरखूण किती, ते सांगा की! रस्ताच 6 फूट पाण्याखाली गेल्यावर ते 5 फूट कुणाच्या कामाचे?