मिलवॉकीचा दुसरा कॅचर

भारताचा संघ जाहीर झाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस एकच रडगाणं: अमक्यावर अन्याय, तमक्याचा वशिला. यंदा गाडी कसोटी न मिळालेल्या स्पिनर पद्माकर शिवलकरांवरून विकेटकीपर चंद्रकांत पंडितांवर आली. ५ कसोटी, ३६ वनडे, बाकी काळ किरण मोरेंच्या मागे. "अमेरिकेत असता तर चीज झालं असतं," एकाने ठोकून दिलं. मी मिलवॉकीत राहतो, तेव्हा रोख माझ्याकडेच असणार.

इथे बेसबॉलमधल्या बॉब युकरचं चीज झालं, हे खरं. याच गावचा. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच, फक्त उकिडवा बसून झेलणारा. युकर १९६२ ते १९६७ खेळला, बहुतेक दुसरा कॅचर म्हणूनच. बॅटिंगची सरासरी .२००, म्हणजे पाचात एकदाच हिट; होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, १४. १९६४ मध्ये त्याच्या सेंट लुईस कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, त्यात तो एकाही सामन्यात उतरला नाही. हेलकावत येणारा चेंडू, नकलबॉल, कसा पकडायचा, तर म्हणायचा, घरंगळायचा थांबला की उचलायचा.

पुढे मिलवॉकीच्या ब्रुअर्स संघाचे तेव्हाचे मालक बड सेलिग यांनी त्याला खेळाडू हेरायला धाडलं. अहवाल आला तो ग्रेव्हीने माखलेला. सेलिग हा किस्सा रंगवून सांगतात. मग १९७१ पासून रेडिओवर कॉमेंटरी, ती थेट २०२४ पर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये नव्वदीत गेला. स्टेडियमच्या पार वरच्या, शेवटच्या रांगेत त्याचा पुतळा बसवलाय. एका बिअरच्या जाहिरातीत पुढची जागा मिळणार म्हणून ऐटीत निघालेल्या युकरला असंच मागे नेऊन बसवलं होतं, त्यावरचा हा विनोद. शेजारची खुर्ची रिकामी असते, लोक तिथे बसून फोटो काढतात.

पण याला अमेरिकेचं मोठं मन म्हणणं मला पटत नाही. सहा महिन्यांत १६२ सामने, दर सामन्यात शंभराहून जास्त चेंडू उकिडवं बसून घ्यायचे. एका माणसाचे गुडघे पुरत नाहीत, म्हणून दुसरा लागतोच. रात्री सामना आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, की बहुधा हा दुसराच उतरतो. त्याची जागा वेळापत्रकाने राखलीय, कौतुक मागाहून आलं. खालच्या लीगमधल्या पोरांना तर इतके कमी पैसे मिळत की २०२२ मध्ये त्यावरचा खटला १८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटवावा लागला. आपल्याकडे पहिला कीपर धडधाकट असेपर्यंत दुसरा पाणीच नेणार; त्यात दरवेळी कटकारस्थान कशाला शोधायचं?

आणि पंडितांनी कोच म्हणून विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली, २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला, तीही मुंबईला हरवून. हे चीज नव्हे तर काय, असं मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, "अरे, पण ते कोच म्हणून!"