ड्रॉपरवरची रेघ नीट बघा

"अंगावर पिणाऱ्या बाळाला सकाळचं कोवळं ऊन दिलं की ड जीवनसत्त्व मिळतं," असं एका लेखात वाचलं; हे वाक्य कोकणापुरतं तरी दुरुस्त करायलाच हवं. सात-साडेसातच्या उन्हात हे जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी (सूर्याचे अतिनील) किरण जवळजवळ नसतात आणि खिडकीच्या काचेतून ते येतच नाहीत. त्यात जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवणकडे आभाळ भरलेलं आणि बाळ-बाळंतीण दारं लावून आतल्या खोलीत, शेक-धुरीत. आईचं दूध उत्तमच, पण लिटरभर दुधात ड असतं साधारण 20 ते 60 युनिट. आईनं रोज बांगडा खाल्ला तरी ते फारसं वाढत नाही. बाळाला लागतात रोज 400 युनिट, पहिल्या काही दिवसांपासून वर्षभर; म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे.

चूक होते ती मापात. या थेंबांच्या काही बाटल्यांत 1 मिलीला 400 युनिट, काहींत 800. म्हणजे एकीचा पूर्ण मिली, दुसरीचा अर्धाच. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा, ड्रॉपर त्याच बाटलीचा घ्या आणि थेंब गालाच्या आतून हळूहळू सोडा, थेट घशात नको. मोठ्यांची 60,000 युनिटची पुडी तर बाळाला स्वतःहून कधीही देऊ नका; रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, सुस्ती, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

मनगटं रुंद दिसली, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागल्या, टाळू भरायला फार उशीर झाला, तर मुडदूस (ड कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार) आहे का हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. झटका (आकडी) आला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व जरूर द्या, पण त्यातून कॅल्शियम मिळतं, ड नाही. थेंब चालूच ठेवा.