नापास करण्याआधी उतारा वाचून दाखवा

पाचवी-आठवीत नापास करण्याची सोय महाराष्ट्रात परत आली आणि वाद पेटला. एक बाजू म्हणते शिस्त येईल, दुसरी म्हणते गळती वाढेल. पोर वाचताना नेमकं कुठे अडतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

‘मग इंग्लंडसारखी चाचणी आणा’ असंही कुणीतरी सुचवतंच. तिथे २०१२पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून ४० शब्द वाचून घेतात. त्यांतले निम्मे अर्थहीन, त्यामुळे पाठांतर चालत नाही. पण यात फक्त अक्षरं जुळवणं तपासलं जातं, समज नाही.

मेळघाट-यवतमाळच्या जिल्हा परिषद शाळेत याहून सोपं काही करता येईल. बालभारतीचा धडा नको, तो पाठ असतो. शंभरेक शब्दांचे, सारख्याच अवघड असे दोन अनोळखी उतारे घ्या. एक मुलाने वाचायचा, दुसरा गुरुजींनी वाचून दाखवायचा. प्रत्येकावर पाच प्रश्न: दोन सरळ, दोन अंदाजाने उत्तर काढायचे, एक शब्दार्थाचा. ऐकून कळतं पण वाचून नाही, तर घोडं अक्षरांत अडलंय. दोन्हीकडे कळत नसेल, तर आधी भाषेची शंका घ्या. कोरकू किंवा कोलामी घरातल्या पोराला उत्तर घरच्या बोलीत देऊ द्या, मग ठरवा.

चुका नुसत्या मोजू नका, जशाच्या तशा लिहून ठेवा. वऱ्हाडी पोरगं ‘शाळा’ला ‘शाया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ वाचतं. ती चूक नव्हेच, शब्द त्याला कळलाय. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चं ‘मात’, वेलांटी सोडणं, जोडाक्षर गिळणं, हे वेगळं. ‘मिबटू’, ‘केधम’ असे दहा अर्थहीन शब्द दिले की अंदाजपंचे वाचणारा लगेच कळतो. घड्याळ लावून वेग मोजण्याचं वेड मात्र नको. धडाधड वाचून काहीच न समजलेली पोरं त्यात पहिली येतात.

डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनाच्या अध्ययन अक्षमतेचा, शिक्का तर लगेच नकोच. आधी डोळे-कान तपासा, हजेरीपट पाहा. दिवाळीनंतर कापूस वेचणीत किती दिवस गेले? मग सहा आठवडे, रोज वीस मिनिटं, अडलेल्या अक्षरांवरच काम. तरीही फरक नसेल, तर तज्ज्ञाकडे पाठवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, ‘डाली’ ही भारतीय भाषांसाठीची डिस्लेक्सिया तपासणी मराठीतही आहे. पण त्यासाठी मेळघाटातल्या धारणीहून अमरावती गाठायची तर बापाची मजुरी बुडते. तपासणारा माणूस ठरल्या दिवशी तालुक्यालाच का येऊ नये, यावर वाद घाला.