कपडे नकोत, चार्जर आहे का?

५ मार्च २०२२, शनिवार. रशियाने युक्रेनवर नुकताच हल्ला केला होता. पोलंडमधल्या क्राकोवहून पहाटे निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत कपड्यांच्या तीन मोठ्या पिशव्या, दोन ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि बायकोने आग्रहाने दिलेला बिस्किटांचा डबा होता. अडीचशे किलोमीटर गाडी हाकून युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेमिश्लच्या स्टेशनवर पोचलो. (हे नाव उच्चारता येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, इतकी वर्षं इथे काढून मलाही नीट जमत नाही.) पिवळं जाकीट घातलेल्या एका पोलिश बाईने आधी पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागे भिंतीला टेकून कपड्यांचा ढीग होता, अर्धा भिजलेला. "कपडे नकोत," ती म्हणाली. "फोनचा चार्जर आहे का?"

एकच होता, तोही गाडीत लावायचा.

मी कोल्हापूरचा. २०१९च्या महापुरानंतर सुट्टीवर घरी गेलो होतो, तेव्हा शिरोळकडे रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले बघून शिव्या घातल्या होत्या. आणि अडीच वर्षांनी मीच तीन पिशव्या भरून उभा! घरातलं नको ते बाहेर काढलं की आपलं मन हलकं होतं. पलीकडच्या माणसाला त्यातलं किती लागतं, हे आपण विचारतच नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राने विचारलं, "तुम्ही तिकडे युक्रेनच्या लोकांना नेमकी काय मदत केली रे?" फोनवर त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी प्शेमिश्लच का, ते सांगतो. युक्रेनचे रूळ १५२० मिलिमीटरचे, पोलंडचे १४३५चे. पश्चिम युक्रेनमधल्या ल्विवहून येणारी गाडी रुंद रुळांवरून इथवर येते आणि इथेच थांबते. त्यामुळे साठेक हजार वस्तीच्या या गावात रोज हजारो माणसं उतरत होती. माणसं म्हणजे बायका, पोरं आणि म्हातारे. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. मेदिका नावाचं सीमेवरचं नाकं तिथून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. तिथून लोक बॅगा ओढत चालत येत होते. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या जाकिटात मांजर.

आता त्या चार्जरचं. त्या बायकांच्या फोनमध्ये सगळा संसार होता. नवऱ्याचा आवाज त्यात, कागदपत्रांचे फोटो त्यात, बँक त्यात आणि वॉर्सातल्या कुण्या लांबच्या मावशीचा पत्ताही त्यातच. फोन बंद पडला की बाई जागच्या जागी अडकली. पोलंडमध्ये सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही. पण मोबाइल कंपन्यांनी फुकट सिम वाटायला लगेच सुरुवात केली. ते सिम नोंदवून, फोनमध्ये घालून, सुरू करून देणारा पोरगा त्या दिवशी माझ्यापेक्षा शंभर पटीने उपयोगी होता. रेल्वेने युक्रेनच्या लोकांना तिकीट माफ केलं होतं. पण गाडी कुठल्या फलाटावरून आणि मध्ये कुठे बदलायची, हे कुणीतरी समोर उभं राहून सांगायला लागत होतं. मी दिवसभर तेच केलं. मोडकं पोलिश, त्याहून मोडकं रशियन आणि हातवारे.

परत येताना गाडीत चार जागा रिकाम्या होत्या. क्राकोवला जायचंय का म्हणून विचारत फिरलो. कुणी यायला तयार होईना. राग आला, खोटं कशाला बोलू. इतक्या लांबून आलो, पेट्रोल जाळलं, आणि ही माणसं माझ्याकडे चोर असल्यासारखी बघतायत. नंतर शांतपणे विचार केला. परक्या देशात, रात्रीच्या वेळी, पदरात पोर असताना माझी बहीण कुणा अनोळखी बाप्याच्या गाडीत बसली असती का? बायकांना-पोरींना फसवून नेणारे अशा गर्दीत हमखास येतात, आणि ती धास्ती तिथे सगळ्यांनाच होती.

पुढच्या शनिवारी बायकोला सोबत नेलं. मागच्या सीटवर लेकीची चाइल्ड सीट तशीच ठेवली. प्शेमिश्लमधलं बंद पडलेलं टेस्को सुपरमार्केट तोवर निवाऱ्याचं केंद्र झालं होतं. तिथे ओळखपत्र दाखवलं, गाडीच्या नंबरचा फोटो काढू दिला, फोन नंबर लिहून दिला. दहा मिनिटांत तिघं गाडीत बसली: खारकिवची एक सून, तिची सासू आणि सहा वर्षांचा नातू. मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, तिकडेच राहिला होता. तिघं आमच्या दोन खोल्यांच्या घरात चार महिने राहिली. सासूला आम्ही त्यांच्यासारखंच 'बाबुस्या', म्हणजे आजी, म्हणायला लागलो.

त्याच गर्दीत आपली मुलंही होती. सीमेपलीकडे शेहिनीच्या युक्रेनी नाक्यावर मेडिकलची भारतीय पोरं दोन-दोन दिवस थंडीत उभी होती. भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना वेगळं काढून मागे ठेवलं जात होतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. इथले लोक पाहुणचाराचं कौतुक करतात तेव्हा मी मान डोलावतो, आणि हेही सांगतो.

पैशाचं तर बोलायलाच नको. सुनेकडे बचतीचे रिव्नियाचे, म्हणजे युक्रेनच्या चलनाचे, गठ्ठे होते. पैसे बदलणारी दुकानं एकतर नाही म्हणायची, नाहीतर हसू येईल असा भाव सांगायची. मार्चच्या शेवटी दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी करार केला आणि माणशी दहा हजार रिव्निया बदलून मिळायला लागले. तोवर हातात पैसे असून बाई कंगाल. म्हणून सांगतो, वस्तू देण्याआधी हातात शंभर-दोनशे झ्लोती (पोलंडचं चलन) द्या. बाईला दूध हवं, सॅनिटरी पॅड हवेत की डोकेदुखीची गोळी, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

१२ मार्चला पोलंडने खास कायदा केला. राहायला, काम करायला परवानगी, पोरांना शाळा, दवाखाना, माणशी एकदाच तीनशे झ्लोती आणि घरात ठेवून घेणाऱ्याला दर माणशी दर दिवशी चाळीस झ्लोती, असं तेव्हा त्यात होतं. आम्ही ते चाळीस झ्लोती घेतले. एका ओळखीच्या बाईंनी नाक मुरडलं, "मदतीचे पैसे घेता?" घेतो. बटाटे फुकट मिळत नाहीत. महिनाभर पुण्य करून मग वैतागून पाहुण्यांना दार दाखवण्यापेक्षा हे बरं. वैताग येतोच. एका बाथरूमला सहा माणसं असली की कुणालाही येतो.

बाबुस्या पहिले दोन आठवडे नुसती कोपऱ्यात बसून रडायची. बायको तिला काही करू देत नव्हती, पाहुणी म्हणून. एक दिवस कोल्हापूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. आईने तिला बघितलं आणि मला झापलं, "अरे, तिच्या हातात विळी दे, म्हातारी वेडी होईल!" विळी कुठली, सुरी दिली. त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं. बीट आमच्या घरात इतकं कधीच शिजलं नव्हतं.

आईला हे कसं उमगलं, तर आमच्या आज्जीने वळिवड्याचा कॅम्प बघितला होता. १९४३ ते ४८, कोल्हापूरजवळ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यातही बायका-पोरंच जास्त. त्यांची शाळा होती, चर्च होतं. आज्जी सांगायची, त्या बायका बाजारात येऊन घासाघीस करून भाजी घ्यायच्या. त्यांच्यातले कितीतरी जण मूळचे ल्विवच्या मुलखातले. तेव्हा तो पोलंड होता, आज युक्रेन आहे. पुढे तिथेच फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले. तेच आपलं गांधीनगर, जिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

आणि सगळ्यात मोठी मदत कुठली, तर फॉर्म भरणे. हसू नका. पोलंडमध्ये पेसेल नावाचा अकरा आकडी नंबर असतो, आपल्या आधारसारखा. तो नाही तर भत्ता नाही. रांगा अशा की वॉर्सात त्यासाठी राष्ट्रीय स्टेडियम उघडावं लागलं. आमच्या सुनेकडे पासपोर्ट होता, त्यात आडनाव इंग्रजी वळणाने लिहिलेलं. बाबुस्याकडे आणि पोराकडे फक्त युक्रेनी लिपीतले कागद, ते कारकुनाने पोलिश वळणाने उतरवले. 'श' एकीकडे एक अक्षरजोडी, दुसरीकडे वेगळी. झालं! नातू आजीच्या आडनावाचा, आणि आई कागदावर परकी. आधार आणि पॅनवरचं नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे घातलेल्या मराठी माणसाला याहून जास्त सांगायला नको. ते निस्तरायला सहा आठवडे गेले, ऑफिसातून चार अर्ध्या सुट्ट्या गेल्या आणि शपथबद्ध भाषांतरकाराचे पैसे गेले. त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकता येत नाही, म्हणून त्याला माणसं मिळत नाहीत. मार्चमध्ये स्टेशनवर सूप वाटायला ही गर्दी, जूनमध्ये शाळेचा अर्ज भरून द्यायला चिटपाखरू नाही.

तिघं आता क्राकोवच्याच नोवा हुता भागात भाड्याने राहतात. सून खारकिवला हिशेबनीस होती, इथे दोन वर्षं हॉटेलातल्या खोल्या झाडल्या, भाषा शिकली आणि आता पुन्हा हिशेबाच्याच कामाला लागलीये. बाबुस्याला अलीकडे नवा पासपोर्ट मिळाला. त्यात आडनाव सुनेसारखं आलंय, म्हणजे आता पेसेल आणि बँकेतलं नाव चुकीचं ठरलं. सोमवारी अर्धी सुट्टी टाकलीये. रांग मोठी असते, म्हणून चहाचा थर्मास ती आणणार आहे.